शुद्धिपत्र

पापाच्या तिकटीजवळच्या रद्दीवाल्यानं
किलोच्या भावात दिलं मला हे पुस्तक.
चौसष्ट पानं. किंमत सहा आणे.
सन एकोणीसशे एकोणतीस, मंगळवार पेठेतला छापखाना.
मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव : बायाक्का.
आडनावाच्या जागी एकच शब्द : पोरकी.

मी मुद्रितशोधक. चाळीस वर्षं
दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करत आलो.
पुस्तक मागून उघडायची सवय आहे,
चुकांच्या बाजूनं.

मागं दोऱ्यानं टाचलेला एक जादा कागद,
गुळाच्या अडत दुकानाच्या जाहिरातीच्या पाठीवर छापलेला :

बेळेकर मास्तरांनी लिहून घेतलं.
मला अक्षर येत नाही. मी बोलत गेलो, ते लिहीत गेले.
छापून झाल्यावर दस्तगीर खिळेजुळाऱ्यानं
सगळं वाचून दाखवलं, तीन रात्री,
बोर्डिंगची भांडी घासून झाल्यावर.
तेव्हा कळलं.

पान नऊ. ‘मी टाकते’ असे छापले आहे.
‘मी टाकतो’ असे वाचावे.
आमच्याकडं बाया अशाच बोलतात.

पान चौदा. पांढऱ्या रश्श्यात चिमूटभर हळद.
हळद नाही.
मास्तरांनी जन्मात मटण खाल्लं नाही,
त्यांना काय ठाऊक पांढरं म्हणजे किती पांढरं.

पान बावीस. संकेश्वरी मिरची आवडीप्रमाणे.
आवडीप्रमाणे नाही. शंभराला दीड शेर, देठ काढून.

पान एकतीस, सगळंच.
नवऱ्यामागून जेवावे, मुख प्रसन्न ठेवावे, इत्यादी.
हे मी बोललो नाही.
रांधणारीनं पहिल्यांदा चाखायचं.
न चाखता पोराच्या ताटात वाढणं म्हणजे लबाडी.

पान तीन. ‘मातेकडून शिकले.’
मला पंचगंगेच्या घाटावर कुणीतरी ठेवून गेलं.
बोर्डिंगच्या आचाऱ्यानं उचललं,
पिठाच्या परातीत निजवलं.
शिकलो ते नाकानं.

आणि सगळीकडं : ‘चार माणसांसाठी.’
मी शंभर पोरांचं सांगितलं होतं,
मास्तरांनी पंचविसानं भागलं.
चार माणसांचं मला माहीत नाही.
चार माणसं माझ्या घरात कधी नव्हती.

खाली : ह्या कागदाचा खर्च, माझा दोन महिन्यांचा पगार.
आणि अंगठा.
छापलेला नाही, उठवलेला.
प्रत्येक प्रतीवर बसून उठवला असणार,
कारण माझ्या प्रतीतल्या रेघांवरून
एक भाजल्याचा व्रण आडवा गेलाय,
आणि शाई संपत आली होती.

मास्तरांवर हसत होतो मी पान चौदापर्यंत.
मग पान नऊवर परत आलो.
‘टाकतो’चं ‘टाकते’ करायला
एक काना उडवावा लागतो, बस्स.
लाल पेन्सिलीची एवढीशी फुली.
चाळीस वर्षांत कागल, गडहिंग्लज, शिरोळच्या
किती बायांच्या कथांतून मी तो काना उडवला,
समासात ‘लिंग पाहावे’ असं लिहून,
आणि एकीनंही कधी
स्वतःच्या खर्चानं जादा कागद लावला नाही.
दस्तगीरनं मात्र तिचे सगळे काने
खिळ्या-खिळ्यानं जागेवर ठेवले.
त्याचं नाव पुस्तकात दुसरीकडं कुठंच नाही.

काल राजारामपुरीतल्या खोलीत
दीड शेराचे तोळे केले, शंभरानं भागले :
सव्वा तोळ्याला जरा कमी, एका माणसाला.
नारळाचं दूध, खसखस, तिळाचं वाटण,
सगळ्याचा भागाकार वहीत सुबक मांडला.
हळद डब्यातच राहू दिली.
रस्सा पांढरा झाला, खरंच,
धुतलेल्या धोतरासारखा.

मिठाला तिनं आकडा दिलेला नाही.
शंभराच्या अंदाजाचा हात माझ्याकडं नाही,
एकाच्याही नाही, असं दिसतंय.

वाढायच्या आधी चाखलं.
खारट.
पाणी घातलं, पुन्हा चाखलं,
पुन्हा पाणी घातलं.
होता होता रस्सा चार माणसांचा झाला,
आणि मी पातेल्यावर झाकण ठेवून
शेजारच्या खोलीतून
तबल्याचा क्लास कधी सुटतोय
त्याची वाट बघत बसलो.